पोलीस शिपाई ते संतकवी : श्री दासगणू महाराज

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, सागवानी लाकूड, कळस आणि लोकवर्गणी या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु नव्या सभामंडपात जेव्हा टाळ वाजू लागतात, वीणा उभी राहते आणि गावातली लहानथोर मंडळी कीर्तनाला मांडी घालून बसतात, तेव्हाच ते देऊळ खऱ्या अर्थाने जागे होते. महाराष्ट्रातील अशी कितीतरी देवळे आपल्या वाणीने जागविणारे एक थोर पुरुष म्हणजे संतकवी श्री दासगणू महाराज. सोलापूर जिल्ह्याशी त्यांचे नाते जवळचे. याच जिल्ह्यातील श्रीक्षेत्र पंढरपूर येथे त्यांनी आपला देह ठेवला.

होटगीच्या लोकांना पंढरीची वाट नवी नाही. गदग, बागलकोट, विजापूरकडून येणारी मीटरगेजची लाईन होटगी जंक्शनला मुंबई–मद्रास मार्गाला मिळत असे. पुढे सोलापूरवरून कुर्डुवाडी आणि तेथून १९०६ सालापासून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी थेट पंढरपुरास जाई. मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे भाविक एकाच डब्यात बसून विठ्ठलाच्या भेटीला निघत. या गावच्या देवळाच्या स्मरणिकेत पंढरीच्या या वारकऱ्याचे चरित्र येणे म्हणूनच उचित होय. त्यांचे चरित्र आणखी एका कारणाने सर्वसामान्य प्रपंची माणसाला जवळचे वाटावे. दासगणू जन्मतः विरागी नव्हते. ते पोलीस खात्यात नोकरीस होते, त्यांना बढतीची हौस होती, आणि नोकरी सोडतो असे देवाला कबूल करूनही त्यांनी ती लवकर सोडली नव्हती.

जन्म व बालपण

महाराजांचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. त्यांना गणपतराव असेही म्हणत. त्यांचा जन्म पौष शुद्ध एकादशीचा, शके १७८९, म्हणजे इंग्रजी ६ जानेवारी १८६८ चा. जन्मस्थान अहमदनगर जिल्ह्यातील अकोळनेर हे त्यांचे आजोळ. बालपण नगर शहरात गेले. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही आणि इंग्रजी शिक्षण थोडक्यातच आटोपले. मात्र कविता करण्याची देणगी उपजतच होती. समोर जे दिसेल त्यावर ते पटकन कवन रचीत, आणि पुष्कळदा त्या कवनात कोणाची तरी थट्टा असे.

पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. घरात मिळकत मोठी नव्हती आणि तरुण मुलगा विवाहित होऊनही कमावत नव्हता. अशा घरात काय बोलले जाते ते सांगायला नको. घरच्यांचे असेच एक बोलणे जिव्हारी लागून गणपतराव घराबाहेर पडले व नगर जिल्ह्याच्या पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. स्वतःच्या कष्टाची भाकर ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट होती. पुढे ज्या नोकरीवर त्यांना पाणी सोडावे लागले, ती त्यांनी अशा मानापमानातून मिळविली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पोलिसाची नोकरी आणि लावणीचा छंद

तो काळ मुंबई इलाख्यात मोठा कठीण होता. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला. लोक देशोधडीला लागले की चोऱ्या, दरोडे वाढतात आणि पोलिसाच्या पायाला विश्रांती राहत नाही. शिपायाचा पगार तुटपुंजा, बहुतेक फिरती पायी, आणि वर साहेबांचा धाक. तरीही खेड्यात पोलिसाला मान होता आणि गणपतरावांची नजर फौजदाराच्या जागेवर होती. खात्याच्या परीक्षेचा अभ्यासही त्यांनी केला.

श्रीगोंद्याकडे नोकरीस असताना त्यांचा लावणीचा छंद बहरला. तमाशाच्या फडांना ते लावण्या रचून देत, स्वतः फडात जाऊन बसत. रात्री लावणी आणि दिवसा पहारा असे ते दिवस होते. याच काळात वामनशास्त्री इस्लामपूरकर या विद्वान सत्पुरुषाचा अनुग्रह त्यांना लाभला आणि त्यांच्या कवित्वाचा ओढा हळूहळू संतचरित्राकडे वळू लागला. तमाशात कमावलेली यमकांची सफाई, चालींचे ज्ञान आणि श्रोत्यांना खिळवून ठेवण्याची हातोटी पुढे आख्यानात उपयोगी पडली.

शिर्डीची वाट

नारायण गोविंद ऊर्फ नानासाहेब चांदोरकर हे कल्याणचे गृहस्थ महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. गणपतराव त्यांच्या तैनातीस असत. नानासाहेब श्रीसाईबाबांचे निस्सीम भक्त होते. साहेब शिर्डीला निघाले की बरोबर शिपायालाही जावे लागे. गणपतराव प्रथम शिर्डीला गेले ते असे, हुकुमाचे ताबेदार म्हणून. मशिदीत राहणाऱ्या त्या फकिराविषयी त्यांच्या मनात आरंभी फारशी श्रद्धा नव्हती.

बाबांनी मात्र या शिपायाला ओळखले होते. पोलिसाची नोकरी सोडून दे, असे ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगू लागले. गणपतराव हो म्हणत आणि फौजदार झाल्यावर सोडीन, अशी मनाची समजूत घालीत. पदरी बायको, घरी जमीनजुमला नाही, हाती दुसरा धंदा नाही. नोकरी सोडून खायचे काय, हा प्रश्न प्रत्येक प्रपंची माणसाला पडतो तसाच त्यांनाही पडला होता.

या काळातील तीन प्रसंग भक्तमंडळीत सांगितले जातात. पहिला कान्ह्या भिल्लाचा. या दरोडेखोराच्या मागावर गणपतरावांना धाडण्यात आले. रामदासी साधूचा वेष घेऊन ते एका गावच्या राममंदिरात राहिले. कान्ह्याला याचा सुगावा लागला आणि तो हत्यारानिशी देवळात येऊन उभा ठाकला. समोर मृत्यू पाहून गणपतरावांनी रामाच्या मूर्तीला मिठी घातली व या संकटातून सुटलो तर नोकरी सोडीन असे कबूल केले. कान्ह्याने त्यांना जिवंत सोडले. संकट टळले आणि नोकरी मात्र तशीच चालू राहिली.

दुसरा प्रसंग गोदावरीच्या तीरावरचा. वरिष्ठांची परवानगी न घेता ते तीर्थयात्रेसाठी हद्दीबाहेर गेले. परतताना आपल्यावर खटला होणार या भीतीने त्यांनी गोदेचे पाणी ओंजळीत घेऊन पुन्हा तीच शपथ घेतली. वाटेत चोरीच्या मालासह काही चोर हाती लागले, त्यामुळे गैरहजेरीचा जाब टळला. बढतीची आशा पुन्हा जागी झाली आणि शपथ पुन्हा मागे पडली.

तिसरा प्रसंग बत्तीस रुपयांचा. दंडाचे ३२ रुपये जमा झाले, ते हाताखालच्या माणसाने दडवले आणि जबाबदारी गणपतरावांवर आली. बत्तीस रुपये ही त्या दिवसांत शिपायाची कित्येक महिन्यांची कमाई. पैशांपेक्षा अब्रूचा प्रश्न मोठा होता. सार्वजनिक पैशाचा अपहार केला हा डाग आयुष्यभर पुसला गेला नसता. याही वेळी त्यांनी साईबाबांचे स्मरण करून नोकरी सोडण्याची प्रतिज्ञा केली. किटाळ दूर झाले आणि यावेळी त्यांनी शब्द पाळला. १९०३ साली त्यांनी राजीनामा दिला. वयाची पस्तिशी आली होती. राजीनामा दिलेल्या माणसाला निवृत्तिवेतन नसते. घरात पत्नी होती आणि उद्याच्या भाकरीचा भरवसा फक्त बाबांच्या शब्दावर होता. या भक्ताच्या अन्नवस्त्राची उणीव पडू देणार नाही, असे आश्वासन बाबांनी दिल्याचे सांगतात.

अंगरखा उतरविला

नोकरी सुटल्यावर गणपतरावांचे दासगणू झाले. कीर्तन हे त्यांचे जीवितकार्य ठरले. त्या काळचे नामांकित हरिदास अंगरखा, उपरणे, डोईस पागोटे अशा थाटात उभे राहत. दासगणूही एकदा असेच नटूनथटून कीर्तनाला निघाले आणि जाण्यापूर्वी बाबांच्या दर्शनाला गेले. नवरदेवासारखा हा पोशाख कशासाठी, अशी बाबांनी थट्टा केली व तो उतरवायला लावला. तेव्हापासून उघडे अंग, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या अशा नारदाच्या रूपातच ते कीर्तनाला उभे राहू लागले. ज्याने सरकारी पोशाखाच्या मानासाठी वर्षानुवर्षे देवाला दिलेला शब्द लांबविला, त्याने हा दुसरा पोशाख मात्र एका शब्दासरशी कायमचा उतरविला. कीर्तनाचा मोबदला घ्यायचा नाही, हा नियमही त्यांनी असाच पाळला.

ते साईबाबांची तसबीर जवळ ठेवून कीर्तन करीत. आख्यान तुकारामांचे असो, नामदेवांचे असो, शिर्डीच्या फकिराचा उल्लेख त्यात येई. मुंबई, ठाणे या भागातील शिकल्यासवरल्या लोकांना शिर्डीचे नाव प्रथम कळले ते बहुतांशी दासगणूंच्या कीर्तनातून. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरातील कीर्तनाची हकीकत साईसच्चरितात आली आहे. चोळकर नावाचे एक गरीब, कच्च्या नोकरीतील गृहस्थ श्रोत्यांत बसले होते. परीक्षा पास होऊन नोकरी पक्की झाली तर शिर्डीला जाऊन खडीसाखर वाटीन, असा नवस त्यांनी तेथेच केला. नोकरी पक्की झाली, पण शिर्डीच्या खर्चाला पैसे जमेनात. तेव्हा त्यांनी साखर सोडली व बिनसाखरेचा चहा पिऊन पैसा पैसा साठविला. शिर्डीला आल्यावर त्यांना भरपूर साखर घातलेला चहा द्या, असे बाबांनी बापूसाहेब जोगांना सांगितले. कच्च्या नोकरीची चिंता काय असते हे दासगणूंना ठाऊक होते. नोकरीवर पाणी सोडलेल्या त्या हरिदासाच्या कीर्तनातून नोकरीसाठी कासावीस झालेल्या एका माणसाला धीर मिळाला.

मोलकरणीची शिकवण

दासगणूंच्या नम्रतेची साक्ष पटविणारी एक हकीकत आहे. ईशावास्य उपनिषदावर त्यांनी मराठी ओवीबद्ध टीका लिहावयास घेतली. पहिल्याच मंत्रातील त्यागाने भोग घ्यावा हा अर्थ त्यांच्या मनात नीट उतरेना. पंडितांना विचारले, समाधान झाले नाही. शेवटी शिर्डीस जाऊन त्यांनी बाबांना विचारले. पार्ल्याला काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण तुमची शंका फेडील, असे बाबांनी सांगितले. ऐकणाऱ्यांना ती थट्टाच वाटली.

दासगणू पार्ल्याला दीक्षितांच्या बंगल्यावर उतरले. सकाळी एका लहान मुलीचे आनंदी गाणे कानी पडले. ती भांडी घासत होती आणि अंगावर फाटके वस्त्र होते. दासगणूंना दया आली व त्यांच्या सांगण्यावरून तिला नवी साडी देण्यात आली. दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून हौसेने खेळली, फुगड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी नवी साडी घरी ठेवून ती पुन्हा फाटक्या वस्त्रात कामाला आली, पण चेहऱ्यावरचा आनंद तसूभरही कमी झाला नव्हता. उपनिषदाचा अर्थ दासगणूंना उलगडला. दुसऱ्या एखाद्या विद्वानाने हा प्रसंग झाकून ठेवला असता. दासगणूंमुळे तो लोकांना कळला आणि हजारो सभामंडपांत सांगितला गेला.

संतचरित्रकार

कीर्तनाइतकेच मोठे काम त्यांनी लेखणीने केले. भक्तलीलामृत १९०६ साली, संतकथामृत १९०८ साली आणि भक्तिसारामृत १९२५ साली, असे त्यांचे तीन मोठे ओवीबद्ध ग्रंथ झाले. जुन्या संतांची चरित्रे महीपतींनी लिहून ठेवली होती. महीपतींनंतर होऊन गेलेल्या व प्रत्यक्ष आपल्या काळात वावरत असलेल्या संतांची चरित्रे गोळा करण्याचे काम दासगणूंनी अंगावर घेतले. भक्तलीलामृतातील साईबाबांविषयीचे तीन अध्याय आणि संतकथामृतातील एक अध्याय हे बाबांच्या हयातीत छापले गेलेले लेखन आहे. गोविंदराव दाभोळकरांच्या साईसच्चरिताच्या कितीतरी वर्षे आधी ते लोकांच्या हाती होते.

या कामात जुना पोलीस उपयोगी पडला असे म्हणता येईल. गावोगाव पायी जावे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे, एकाचे सांगणे दुसऱ्याशी ताडून पाहावे, ही सवय त्यांना नोकरीने लावली होती. साईबाबांच्या गुरूंचा शोध घेत ते परभणी जिल्ह्यातील सेलू येथवर गेले व तेथील गोपाळराव देशमुख यांच्याशी त्यांनी तो संबंध जोडला. पुढील अभ्यासकांपैकी सर्वांनाच हा निष्कर्ष मान्य झालेला नाही. तथापि प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन चौकशी करण्याची त्यांची तळमळ वादातीत आहे.

१९१८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीला, ९ सप्टेंबर रोजी, नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांनी श्रीसाईनाथ स्तवनमंजरी पूर्ण केली. त्यानंतर सव्वा महिन्याने, विजयादशमीच्या दिवशी, १५ ऑक्टोबरला साईबाबांनी देह ठेवला. दासगणू त्या वेळी पंढरपुरात होते. मशीद ढासळल्याचे त्यांनी स्वप्नात पाहिले आणि लगोलग शिर्डी गाठली, असे साईसच्चरितात येते. तेथे त्यांनी नामसंकीर्तन व अन्नदान केले. पुढे शिर्डी संस्थानाचे अध्यक्षपदही त्यांनी बरीच वर्षे सांभाळले.

त्यांच्या सर्व ग्रंथांत आज घरोघरी पोहोचलेला ग्रंथ म्हणजे श्रीगजानन विजय. शेगावच्या गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली होती. शेगावचे रामचंद्र पाटील यांच्या आग्रहावरून दासगणूंनी त्यांचे चरित्र लिहिण्याचे मान्य केले. शके १८६१, म्हणजे १९३९ च्या गुढीपाडव्याला शेगाव येथे ग्रंथ सिद्ध झाला. त्यात २१ अध्याय आणि ३६६९ ओव्या आहेत. कवीचे वय तेव्हा ७१ वर्षांचे होते. ज्या वयात माणसे ओट्यावर बसून मागच्या आठवणी काढतात, त्या वयात त्यांच्या हातून हा ग्रंथ झाला. भाषा इतकी सोपी की अक्षरओळख असलेली आजीबाईही पारायण करू शकते. ग्रंथाची लोकप्रियता मुख्यत्वे या सोपेपणात आहे.

प्रपंच आणि परमार्थ

दासगणूंनी प्रपंच टाकला नाही. सरस्वतीबाईंनी पतीच्या फिरत्या जीवनात त्यांची साथ केली. स्वयंपाकघरात उद्याचे धान्य आहे की नाही याची पहिली झळ घरच्या लक्ष्मीलाच लागते. नोकरी सोडण्याचा निर्णय गणपतरावांचा, पण तो पेलण्याचे निम्मे श्रेय सरस्वतीबाईंचे आहे. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. परंतु त्यांचे वास्तव्य निजामाच्या राज्यातील नांदेडकडे झाले आणि तेथील आठवले घराण्याने त्यांना आपले मानले. त्या घरातील अनंतराव आठवले यांना महाराजांनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले, शिकविले, कीर्तनाला उभे केले. अनंतराव पुढे आयुर्वेदाचे अध्यापक, लेखक व कीर्तनकार म्हणून मान्यता पावले, संन्यास घेऊन स्वामी वरदानंद भारती झाले आणि २००२ साली निवर्तले. आपल्या गुरूंचे चरित्र व वाङ्मय यांवर त्यांनी विस्ताराने लिहिले.

पंढरीचा मुक्काम

महाराजांची आषाढी-कार्तिकीची ओढ अखेरपर्यंत टिकली. उतारवयात पंढरपुरात त्यांचा मुक्काम वाढत गेला. चंद्रभागेच्या वाळवंटातले कीर्तन, विठ्ठलाचे दर्शन आणि शिष्यांना पाठ, असा त्यांचा दिवस जाई. २६ नोव्हेंबर १९६२ रोजी, कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर, पंढरपूर येथे त्यांनी देह ठेवला. वयाला पंचाण्णव पूर्ण होण्यास जेमतेम दीड महिना उरला होता. नांदेड जिल्ह्यातील गोरटे येथे त्यांचे समाधिमंदिर आहे.

१९०३ मध्ये राजीनामा देताना जो प्रश्न त्यांच्यापुढे होता, त्याचे उत्तर पुढच्या एकोणसाठ वर्षांनी दिले. निवृत्तिवेतन नाही, शेत नाही, बिदागी नाही, तरीही त्यांचा संसार चालला, अनंतराव शिकले, ग्रंथ छापले गेले. फौजदार झाले असते तर पंचावन्नाव्या वर्षी ते घरी बसले असते आणि नगर जिल्ह्याबाहेर त्यांचे नाव कोणाला कळले नसते. तथापि नोकरी सोडावी हा या चरित्राचा बोध नव्हे. दिलेला शब्द उशिरा का होईना पाळावा, आणि लोकांच्या पैशाला, मग ते दंडाचे ३२ रुपये असोत की देवळाच्या वर्गणीचा एक रुपया असो, डाग लागू देऊ नये, हा बोध आहे. देवळाचे काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तो मनाशी बाळगावा असा आहे.

होटगीच्या सभामंडपात टाळमृदंगाचा गजर होईल, गजानन विजयाची पारायणे बसतील, तेव्हा त्या ओव्या एका पोलीस शिपायाच्या हातच्या आहेत याची आठवण भाविकांनी अवश्य ठेवावी. शिपाई, हरिदास, ग्रंथकार आणि गृहस्थ अशा चारही भूमिका निष्ठेने पार पाडणाऱ्या संतकवी श्री दासगणू महाराजांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.